कुत्र्यांच्या त्वचेचा जिवाणूसंसर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पशुवैद्य आहे आणि माझ्या दिवसाचा मोठा भाग खाजऱ्या कुत्र्यांबरोबर जातो. खालचे प्रश्न लोक मला पुन्हा पुन्हा पाठवतात, बहुतेक वेळा एका धूसर फोटोसह. फोटोवरून औषध सांगता येत नाही. पण समजून घेण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते समजलं तर अँटिबायोटिकचे निम्मे कोर्स टळतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल असं लिहिलंय. दुसऱ्या प्रश्नाशी संबंध असेल तिथे त्याचा क्रमांक दिलाय. एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर चौथं वाचा.

१. अंगावर जे उठलंय तो जिवाणूसंसर्ग आहे हे घरी कसं ओळखायचं?

कुत्र्याला उताणं करा आणि चांगल्या उजेडात पोट, जांघा आणि काखा बघा. तिथे केस विरळ असतात, म्हणून सगळं लवकर दिसतं. आधी बारीक लाल पुरळ येतं, मग त्यातल्या काहींना पिवळसर तोंड येतं. ही पुटकुळी फार नाजूक असते. कुत्र्याने एकदा चाटलं की फुटते, त्यामुळे पुष्कळदा ती बघायला मिळतच नाही. मागे उरते ती खूण ओळखायला शिका: साधारण गोल चट्टा, मधे काळसर किंवा निवळलेला, आणि कडेने पापुद्रा सुटलेला. कडेवरून बोट फिरवलं तर खरखरीत लागते. हे वर्तुळ हळूहळू बाहेर पसरत जातं. लोक त्याला नायटा समजून आठवडेच्या आठवडे बुरशीचं मलम लावतात. कुत्र्याच्या अंगावरचं असं वर्तुळ नायट्यापेक्षा जिवाणूसंसर्गाचं असण्याची शक्यता जास्त असते.

आखूड केसांच्या कुत्र्यांचं अंग कसर लागलेल्या लोकरी कपड्यासारखं दिसतं, ठिकठिकाणी केसांचे छोटे पुंजके गेलेले. लांब केसांच्या कुत्र्यांत वरून काहीच दिसत नाही. केस निस्तेज होतात, कोंडा पडतो, अंगाला वास येतो आणि केसांत बोटं घातली की खपल्या हाताला लागतात.

२. हे जिवाणू आले कुठून? दुसऱ्या कुत्र्याकडून लागले का?

बहुतेक वेळा ते त्याचे स्वतःचेच असतात. कुत्र्यांच्या त्वचासंसर्गातला मुख्य जिवाणू स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस. हे नाव त्याला २००५ मध्ये मिळालं. त्याआधी तो स्टॅफिलोकॉकस इंटरमीडियस म्हणून ओळखला जायचा, म्हणून जुन्या रिपोर्टवर ते नाव दिसेल. बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या नाकात, तोंडात आणि गुदद्वाराभोवती तो राहतोच. कुत्रा चाटतो तेव्हा तो अंगभर पसरतो आणि एरवी काही करत नाही. त्वचा कमजोर झाली की त्याचं फावतं.

म्हणून ‘बागेत कुणाकडून लागलं असेल?’ या प्रश्नामागे वेळ घालवू नका. त्वचा का कमजोर झाली, ते शोधा.

३. माणसांपेक्षा कुत्र्यांनाच हे इतकं का होतं?

त्यांची त्वचा आपल्यापेक्षा खूप पातळ असते. केसाळ भागात जिवंत पेशींचे जेमतेम तीन ते पाच थर असतात. आपली त्वचा आम्लधर्मी असते, कुत्र्याची जवळजवळ उदासीन, आणि ती जिवाणूंना मानवते. शिवाय केसांच्या मुळांची तोंडं उघडी असतात आणि एकेका छिद्रातून केसांचा अख्खा झुबका बाहेर येतो. जिवाणूला आत शिरायला एवढं पुरतं.

४. ‘मूळ कारण शोधा’ असं प्रत्येक डॉक्टर म्हणतो. पण ते असतं तरी काय?

काही लहान पिल्लं सोडली (प्रश्न १७) तर हा संसर्ग सहसा आपणहून होत नाही. त्याच्यामागे काहीतरी असतं. औषधाने संसर्ग जातो, ते ‘काहीतरी’ जागेवरच राहतं आणि महिन्याभरात आपण पुन्हा तिथेच येतो.

सगळ्यात आधी पिसवा. ‘आमच्याकडे पिसवा नाहीत’ असं अगदी खात्रीने सांगितलं जातं. एका लॅब्राडॉरला वर्षभरात चार वेळा अँटिबायोटिक झालं होतं आणि चारही वेळा आजार परतला होता. मी पांढरा कागद ओला केला, शेपटीच्या बुंध्याशी बारीक कंगवा फिरवला आणि निघालेले काळे कण त्यावर झटकले. मिनिटभरात एकेका कणाभोवती तांबूस वलय पसरलं. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे पचलेलं रक्त. साधी माती असती तर ती काळीच राहिली असती. घरातल्यांनी एकही पिसू पाहिली नव्हती, आणि ते खोटं बोलत नव्हते. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेला कुत्रा स्वतःला इतकं चाटतो, चावतो की पिसू हाती लागतच नाही. पुढे घरातल्या सगळ्या प्राण्यांना नियमित पिसवांचं औषध सुरू झालं आणि पाचवा कोर्स लागला नाही. ही चाचणी तुम्ही आजच घरी करू शकता.

त्यानंतर ॲलर्जी. धुळीतले माइट (सूक्ष्म किडे), परागकण, बुरशीचे कण यांची ॲलर्जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. कुत्रा पंजे चाटतो, तोंड घासतो, कान पुन्हा पुन्हा खराब होतात, पोट लाल होतं. अन्नाची ॲलर्जीही अशीच दिसते. ती ओळखण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे किमान आठ आठवडे काटेकोर वेगळा आहार आणि त्यानंतर जुना आहार देऊन पाहणं. अन्नाच्या ॲलर्जीसाठी रक्ताची आणि लाळेची चाचणी विकली जाते. तिच्यावर पैसे घालवू नका असं मी स्पष्ट सांगते.

तिसरं, डेमोडेक्स. केसांच्या मुळात राहणारा हा किडा उघड्या डोळ्यांनी दिसत नाही. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. ही तपासणी पाच-दहा मिनिटांची आहे आणि ती न केल्याने होणारं नुकसान महिनोन्‌महिने चालतं.

कुत्रा मध्यमवयीन किंवा म्हातारा आहे, आयुष्यात कधी त्वचेचा त्रास नव्हता आणि आता अचानक सुरू झाला, तर माझं लक्ष हार्मोन्सकडे जातं. तो सुस्तावलाय, वजन वाढलंय, शेपटीचे केस गेलेत? थायरॉइड तपासा. खूप पाणी पितो, खूप लघवी करतो, पोट सुटलंय, कातडी कागदासारखी पातळ झालीय? मग कुशिंग, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार. अशा कुत्र्यांत संसर्ग असूनही खाज फारशी नसते, आणि तीच मोठी खूण आहे.

शेवटचं कारण शरीराच्या घडणीचं: पग किंवा बुलडॉगच्या चेहऱ्यावरच्या घड्या, लठ्ठ मादीच्या योनीभोवतीची घडी, दाबून बसलेली शेपटी. तिथे ओल आणि ऊब कायम असते.

५. एकाला नुसता शाम्पू दिला, आमच्या कुत्र्याला दोन महिन्यांच्या गोळ्या. आजार एकच ना?

नाव एकच, पायोडर्मा, पण खोली वेगळी. अगदी वरवरचा म्हणजे हॉट स्पॉट (प्रश्न ६) आणि घड्यांमधला ओला दाह. त्याखालचा म्हणजे केसांच्या मुळांच्या तोंडाशी असलेला. प्रश्न १ मधलं वर्णन याचंच आहे आणि सर्वात जास्त दिसतो तोही हाच. तिसरा खोल. यात केसाचं मूळच आत फुटतं आणि संसर्ग मांसल थरात उतरतो. गाठी, रक्ताळ फोड आणि पू वाहणारी छिद्रं दिसतात, हात लावला तर कुत्रा कळवळतो. हनुवटी, कोपर आणि बोटांमधली जागा ही त्याची ठरलेली ठिकाणं. जर्मन शेफर्डमध्ये तो कंबर आणि मांड्यांवर चिवटपणे पसरलेला मी पाहिलाय. खोल संसर्गाला वेळ लागतो आणि घट्ट व्रण उरू शकतात.

६. काल रात्री काही नव्हतं. सकाळी गालावर तळहाताएवढा ओला, लालबुंद चट्टा! हे काय?

हा हॉट स्पॉट, आणि तो खरोखरच काही तासांत होतो. कान ठणकत असेल, पिसू चावली असेल, अंग ओलं राहिलं असेल. कुत्रा एकाच जागी खाजवत सुटतो आणि वरची त्वचा सोलून निघते. दाट केसांच्या जातींत जास्त होतो.

भोवतालचे केस कापणं हा निम्मा उपचार आहे, कारण जखमेतून पाझरणारा द्रव वाळून केस चिकटतात आणि खाली सगळं नासत राहतं. हे फार दुखतं, त्यामुळे घरी कात्रीने करू नका. कातडी चिमटीत येऊन कापली जाते. डॉक्टरांकडे मशीनने, गरज पडली तर गुंगी देऊन करतात. त्यानंतर क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने सफाई, खाज थांबवणारं औषध आणि गळ्यात चाटणं-खाजवणं रोखणारी शंकूसारखी कॉलर. अँटिबायोटिक गोळ्यांची गरज सहसा नसते.

अपवाद एकच लक्षात ठेवा. चट्ट्याच्या कडेबाहेर वेगळे पुरळ किंवा गाठी असतील तर आत खोल संसर्ग आहे. गोल्डन रिट्रीव्हरच्या गालावर हे विशेष होतं.

७. डॉक्टरांनी काचपट्टी चिकटवून काहीतरी पाहिलं. सरळ गोळ्या का दिल्या नाहीत?

तुम्हाला चांगले डॉक्टर मिळालेत. काचपट्टी चट्ट्यावर दाबतात किंवा चिकटपट्टीने नमुना घेतात, रंगात बुडवतात, धुतात आणि बघतात. रंग चढल्यावर जिवाणू गडद निळे, गोल ठिपके दिसतात, जोडीजोडीने किंवा छोट्या पुंजक्यांत. पांढऱ्या पेशीने ते गिळलेले असतील, म्हणजे पेशीच्या पोटात ठिपके असतील, तर शरीर त्यांच्याशी खरोखर लढतंय. नुसते ठिपके वर पडलेले असणं म्हणजे आजार नव्हे.

त्याच पट्टीवर भुईमुगाच्या शेंगेसारख्या आकाराचे मोठे ठिपके दिसले तर ते मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट. त्यानेही खाज येते, वास येतो, त्वचा लाल होते. त्याच्यावर अँटिबायोटिक शून्य काम करतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि पुष्कळदा एकत्र असतात. दहा मिनिटांच्या या तपासणीवाचून दिलेली गोळी हा अंदाज असतो, आणि तो चुकला की किंमत कुत्रा मोजतो.

८. कल्चर कधी करायचं? पहिल्याच वेळी केलं तर?

कल्चर म्हणजे नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते बघणं. पहिल्या साध्या, वरवरच्या संसर्गाला त्याची गरज नसते. संसर्ग खोल असेल, काचपट्टीवर गोल ठिपक्यांऐवजी काड्यांसारखे जिवाणू दिसले, योग्य औषध पूर्ण मात्रेत देऊनही दोन आठवड्यांत उतार नसेल, वारंवार अँटिबायोटिक झालं असेल किंवा आधी एमआरएसपी हा बऱ्याच गोळ्यांना दाद न देणारा जिवाणू निघाला असेल (प्रश्न १५), तर कल्चर कराच. नमुना ताज्या पुटकुळीतून घेतलेला हवा. खोल संसर्गात आतल्या ऊतींचा तुकडा उत्तम. अँटिबायोटिक चालू आहे म्हणून कल्चर टाळू नका. औषध चालू असूनही फोड येत असतील तर तोच नमुना सर्वात उपयोगी पडतो.

९. नुसत्या शाम्पूने संसर्ग बरा होतो? की ही तात्पुरती मलमपट्टी?

होतो. वरवरच्या आणि केसांच्या तोंडाशी असलेल्या संसर्गात आता तोच पहिला पर्याय मानतात. २०२५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. दोन ते चार टक्के क्लोरहेक्सिडीन असलेला शाम्पू, आठवड्यातून दोन ते तीन वेळा. औषध थेट त्वचेवर पोचतं, पोटातल्या चांगल्या जिवाणूंना धक्का लागत नाही आणि गोळ्यांना दाद न देणारे जिवाणूही यात मरतात. इतक्या वेळा आंघोळ जमत नसेल तर मधल्या दिवशी फवारा, फेस किंवा ओले वाइप्स वापरा. एक-दोनच चट्टे असतील तर तेवढ्यापुरतं मलम पुरतं. तेलकट, खवलेदार त्वचेसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइडचा शाम्पू चांगला, पण त्याने टॉवेलचे रंग उडतात आणि कोरडी त्वचा आणखी कोरडी होते.

१०. औषधी शाम्पू लावतोय, पण फरक नाही. काय चुकतंय?

दहातल्या आठ जणांचं वेळेत चुकतं. अंगावर लावला, चोळला, दोन मिनिटांत धुतला. औषधाला त्वचेवर दहा मिनिटं हवीत, आणि ती फेस आल्यापासून मोजायची. मोबाइलवर गजर लावा, कारण धडपडणाऱ्या ओल्या कुत्र्यासोबत तीन मिनिटंही दहा वाटतात.

मी सांगते तो क्रम असा. कुत्रा मळलेला असेल तर आधी साध्या शाम्पूने धुऊन तो पूर्ण काढा, कारण साबणाचा अंश राहिला तर क्लोरहेक्सिडीनचा जोर कमी होतो. पाणी कोमट ते गार घ्या. गरम पाण्याने खाज वाढते. सर्वात वाईट चट्ट्यांपासून सुरुवात करा, म्हणजे त्यांना जास्त वेळ मिळेल. पोट, काखा आणि बोटांमधली जागा विसरू नका. डोळ्यांत आणि कानाच्या आत अजिबात जाऊ देऊ नका, दोन्हीकडे इजा होते. दहा मिनिटं त्याला चाटू देऊ नका, खेळवत ठेवा. मग भरपूर धुवा आणि टॉवेलने दाबून टिपा. घासू नका.

शाम्पूत पाणी घालून ते मिश्रण बाटलीत साठवून ठेवू नका. त्यात जिवाणू वाढतात आणि त्याचा परिणाम भयंकर होऊ शकतो (प्रश्न १९).

११. गोळ्या किती दिवस? चौथ्या दिवशी खाज थांबली, बंद करू का?

मनाने बंद करू नका, आणि मनाने वाढवूही नका. वरवरच्या संसर्गात गोळ्या लागल्याच तर सुरुवातीला साधारण दोन आठवडे देतात, खोल संसर्गात तीन. ते संपायच्या *आधी* डॉक्टरांनी पुन्हा पाहायचं आणि पुढचं ठरवायचं. खोल संसर्गात बाहेरची त्वचा भरून येते तेव्हा आत गाठ शिल्लक असते, म्हणून त्यात कित्येक आठवडे जाऊ शकतात. ही फेरतपासणी लोक सर्वाधिक चुकवतात. कुत्रा बरा दिसतो, गाडी काढायचा कंटाळा येतो. पण बोटाने दाबून आतली गाठ शोधणं तुमच्या डोळ्यांना जमणार नाही.

गोळी खाल्ल्यावर उलटी होत असेल तर जेवणाबरोबर देता येईल का ते विचारा. सेफॅलेक्सिनसारख्या औषधात त्याने पुष्कळ फरक पडतो. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे कुत्र्याचं आजचं वजन करून घ्या.

१२. घरात अमॉक्सिसिलिन पडलंय. आणि आमचं त्वचेचं मलम? ते चालेल?

साधं अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन किंवा पेनिसिलिन इथे सहसा निकामी ठरतं. हा जिवाणू त्यांना फोडणारं एन्झाइम बनवतो. म्हणूनच क्लॅव्हुलॅनिक ॲसिडबरोबरचं अमॉक्सिसिलिन किंवा सेफॅलेक्सिन वापरतात.

मलमांबाबत मी कळकळीने सांगते: कुत्रा लावलेलं सगळं चाटतो, म्हणजे ते औषध पोटातच जातं. झिंक असलेली मलमं विषारी ठरू शकतात. सोरायसिसचं कॅल्सिपोट्रायॉल आणि काही त्वचाविकारांत वापरलं जाणारं फ्लुरोयुरॅसिल यांनी कुत्रे दगावलेले आहेत. ट्यूब चावली तरी थेट इस्पितळ गाठा. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक यांचं मिश्र मलम आठवडाभर छान वाटतं आणि नंतर निदान अवघड करून ठेवतं. टी ट्री तेल विषारी आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड नव्याने भरणारी त्वचाही जाळतं. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल तर कधीच नाही.

१३. खाजेचं स्टेरॉइड इंजेक्शन दिलं की दोन दिवसांत शांत होतो. तेच का नको?

स्टेरॉइड वाईट औषध नाही. हॉट स्पॉटमध्ये थोडे दिवस मी स्वतः देते. पण खोल संसर्गात किंवा डेमोडेक्स असताना ते दिलं तर शरीराची उरलीसुरली लढत थांबते आणि आजार भडकतो. आधी खरवडून तपासा, मग ठरवा. खाजेसाठी ओक्लासिटिनिब आणि लोकिव्हेटमॅब असे वेगळे पर्यायही आता आहेत. ओक्लासिटिनिब वर्षाखालच्या कुत्र्याला देत नाहीत आणि गंभीर संसर्ग चालू असताना टाळतात.

१४. गोळ्या चालू असेपर्यंत ठीक, बंद केल्या की महिन्याभरात पुन्हा. असं किती दिवस?

एक गोष्ट नीट आठवून वहीत लिहा: पुरळ पूर्ण गेलं होतं, तेव्हा खाज *राहिली होती की गेली होती*?

पुरळ गेलं तरी खाज राहिली असेल तर मागे ॲलर्जी किंवा पिसवा आहेत, संसर्ग त्यांच्यावर स्वार झालेला होता. पुरळाबरोबर खाजही संपली आणि आजार तरीही परतला, तर हार्मोन्सकडे किंवा त्वचेच्या स्वतःच्या दोषाकडे बघायचं. पुरळ पूर्ण कधी गेलंच नसेल, तर प्रश्न वेगळा: औषध कमी पडलं, लागू पडलं नाही, किंवा निदानच चुकलं (प्रश्न ८ आणि २०). या एका निरीक्षणाने माझं काम निम्म्याने कमी होतं, आणि ते फक्त तुम्हीच करू शकता, कारण कुत्रा बरा असतो तेव्हा तो माझ्याकडे नसतो.

कारण आयुष्यभराचं असेल, जसं ॲलर्जी, तर आठवड्याला एक क्लोरहेक्सिडीन आंघोळ कायमची ठेवणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. दर महिन्याला ‘आधीच्याच गोळ्या’ घेणं हा नाही.

१५. रिपोर्टमध्ये एमआरएसपी आलंय. आता काहीच चालणार नाही का?

घाबरू नका. एमआरएसपी म्हणजे त्याच नेहमीच्या जिवाणूची मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारी जात. ती जास्त जहाल नसते, फक्त तिच्यावर चालणाऱ्या गोळ्या कमी असतात. त्वचा बरी व्हायची तेवढीच होते. वरवरच्या संसर्गात क्लोरहेक्सिडीनच्या आंघोळी आणि फवारे यांवर भर देऊन असे कुत्रे बरे होतात. ‘सर्वात जड’ अँटिबायोटिक मागू नका. माणसांच्या जिवावरच्या आजारांसाठी राखलेली औषधं इथे वापरायची नसतात. बरा झाल्यावरही कुत्रा हा जिवाणू अंगावर बाळगू शकतो, म्हणून पुढे कुठल्याही दवाखान्यात जाल तेव्हा आधीच सांगा.

१६. आम्हाला, बाळाला किंवा मांजराला लागेल का?

नेहमीच्या संसर्गाचा धोका फार कमी. या जिवाणूला कुत्रा हे घर मानवतं, माणूस नाही. तरी फोडांना हात लावल्यावर साबणाने धुवा, स्वतःच्या जखमा झाका, तोंड चाटू देऊ नका. घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा रोगप्रतिकारशक्ती कमी असेल तर डॉक्टरांना सांगा.

घरातल्या माणसांनाही पुरळ किंवा खाज असेल तर मात्र मी थांबते. मग तो जिवाणू नसून खरूज किंवा नायटा असू शकतो, आणि ते दोन्ही माणसाला लागतात.

मांजरासाठी वेगळा इशारा: पर्मेथ्रिन असलेलं कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराच्या जिवावर बेततं.

१७. तीन महिन्यांच्या पिल्लाच्या पोटावर पिवळे फोड आहेत. पिल्लू खेळतंय, खातंय.

बहुधा साधा इम्पेटिगो. केस नसलेल्या पोटावर येतो, खाज जवळजवळ नसते. बिछाना कोरडा ठेवा, हलक्या जंतुनाशकाने पुसा. पुष्कळदा आपोआप जातो.

पण पिल्लाचं *तोंड* सुजलं असेल, पापण्या, ओठ आणि कान सुजले असतील, गळ्याखाली गाठी आल्या असतील, तर हा दुसराच आजार आहे. त्यातून पू येतो, पण तो जिवाणूंमुळे नसतो. शरीराची स्वतःची प्रतिक्रिया बिघडलेली असते. याच्यावर लागतं ते स्टेरॉइडच, आणि लवकर. प्रश्न १३ मध्ये मी जे सांगितलं त्याच्या अगदी उलट. उशीर झाला तर चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात.

१८. बोटांमध्ये लाल गाठ येते, फुटते, पुन्हा येते.

एकाच पंजाला, एकाच जागी येत असेल तर आत काहीतरी रुतलंय का ते बघायला हवं. गवताचं कुसळ आत सरकत जातं आणि वरून दिसत नाही. सगळ्या पंजांना येत असेल तर ॲलर्जी, डेमोडेक्स किंवा वजन. आखूड, राठ केस उलटे आत घुसून गाठ होणं ही लठ्ठ, आखूड केसांच्या कुत्र्यांची नेहमीची तक्रार आहे. पिळू नका. पिळल्याने केसाचं मूळ आतल्या आत फुटतं. हनुवटीवरच्या फोडांनाही हाच नियम.

१९. ग्रूमिंगनंतर दुसऱ्या दिवशी पाठीवर हात लावू देत नाही, तापही आहे. शाम्पूची ॲलर्जी?

ॲलर्जी समजून थांबू नका, आजच डॉक्टरांकडे जा. आंघोळीनंतर साधारण एक-दोन दिवसांत पाठीवर अतिशय दुखरे, रक्ताळ फोड, ताप आणि सुस्ती असं चित्र असेल तर तो खोल संसर्ग असतो. बहुधा स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचा, जो दूषित किंवा पातळ करून ठेवलेल्या शाम्पूतून येतो आणि उलट्या दिशेने जोरात चोळल्याने केसांच्या मुळांत घुसतो. सुरुवातीला फोड दिसतही नाहीत; लोक पाठ आखडली समजून वेदनाशामक देत बसतात. यात नेहमीच्या त्वचेच्या गोळ्या चालत नाहीत, कल्चर लागतंच. वापरलेल्या शाम्पूची बाटली सोबत न्या.

कुठल्याही त्वचासंसर्गात ताप, खाणं सोडणं, पाय सुजणं किंवा त्वचा काळी-जांभळी पडणं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

२०. पुटकुळ्या आहेत, पू आहे, पण कल्चरमध्ये काही वाढलं नाही आणि गोळ्यांनीही फरक नाही. हे कसं?

कारण पू म्हणजे जिवाणूच असं नाही. पेम्फिगस फोलिएशियस या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेच्या पेशींना जोडणारे धागेच तोडते. मोठ्या पुटकुळ्या येतात, लगेच जाड पिवळ्या खपल्या होतात. नाकाच्या दांड्यावर, डोळ्यांभोवती आणि कानांवर, पुष्कळदा दोन्ही बाजूंना सारख्या. पंजांच्या गाद्या जाड होऊन भेगाळलेल्या असतील तर संशय पक्का होतो. काचपट्टीवर पांढऱ्या पेशींच्या गर्दीत सुट्या झालेल्या गोलसर त्वचापेशी दिसतात. निदान बायॉप्सीने होतं आणि उपचार प्रतिकारशक्ती दाबण्याचा असतो.

बायॉप्सीच्या आधी ती जागा धुऊ नका, खपली काढू नका. खपलीतच उत्तर असतं, आणि काळजीवाहू मालक नेमकी तीच स्वच्छ करून आणतात.

२१. सगळं बरं झालं, पण त्वचा काळी पडलीय. संसर्ग अजून आहे का?

सपाट, मऊ, न खाजणारा काळेपणा ही बऱ्या झालेल्या जागेची खूण आहे. काही आठवड्यांत, कधी महिन्यांत फिका होतो. केस साधारण त्याच सुमारास येतात. खोल व्रणाच्या जागी येत नाहीतही. काळी जागा जाड, सुरकुतलेली, तेलकट आणि वासाची असेल तर मात्र आत दाह चालू आहे. पुन्हा काचपट्टी करून घ्या आणि तिच्यावर यीस्टही शोधायला सांगा.